सावळ्या त्वचेचा तक्ता

दिराचा फोन आला तेव्हा मी इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या बसस्टॉपजवळ सायकलचं कुलूप उघडत होते. "वहिनी, नीलिमा गेली," एवढंच तो म्हणाला. महिना होऊन गेला त्याला. रडू मला नंतर, घरी पोचल्यावर आलं. तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच… ही बाई जिंकून गेली. घरातलं माणूस गेल्यावर असं वाटणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण वाटलं ते हेच, म्हणून तेच लिहिते.

नीलिमा माझी धाकटी जाऊ. पुण्याची, इथे शरीराच्या आतली चित्रं काढणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, आणि कुणी "चालायचंच" म्हटलं की भडकणारी. चाळिशीच्या आतच तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग जवळच्या एका गावातल्या रुग्णालयात रेडिएशन सुरू झालं. मी सोबत जायची. काही दिवसांनी ती म्हणायला लागली, "ताई, काखेत निखारा ठेवल्यासारखं होतंय." उटे नावाची नर्स मनापासून तपासायची, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "तर, लाल काही दिसत नाही. सगळं ठीक आहे." तक्त्यावरच्या झाडून साऱ्या बायका गोऱ्या. त्यांची कातडी रेडिएशनने भाजली की आधी गुलाबी होते, मग लालभडक. आमची सावळी कातडी नुसती काळवंडते, आणि काळवंडणं कुणी शोधतच नव्हतं. शेवटी काख सोलून निघाली, जखम झाली आणि रेडिएशन मध्येच थांबवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी माफी मागितली. नीलिमा म्हणाली, "माफी नको, तक्ता बदला." त्या म्हणाल्या, सावळ्या त्वचेचे फोटोच आमच्याकडे नाहीत, तक्ता करू कशावरून? "मग मी आणते."

फोटो आणते म्हणजे बायका आणते. आमच्यातल्या कितीतरी जणी हा आजार सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, त्या ब्लाउज काढून फोटो देणार? मी तिला वेड्यात काढलं. तिने वाद घातला नाही, आजार झालेल्या जेवढ्या माहीत होत्या तेवढ्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेही माझ्याकडे, कारण माझ्या घरात उजेड चांगला येतो. स्वयंपाकही अर्थातच माझ्याकडे. आपल्या मराठी बायका आल्या, दोघी तमिळ आल्या, आणि अबेना आली. अबेना मूळची घानाची. तिचं केस कापायचं दुकान आहे आणि केमोने केस गेलेल्या बायकांना ती टोप बसवून देते. ती स्वतःही या आजारातून गेलेली. जेवणं झाल्यावर नीलिमाने स्वतःच्या भाजत गेलेल्या काखेचे फोटो टेबलावर मांडले. मग अबेना जर्मनमध्ये म्हणाली, "माझंही हेच झालं. मला वाटलं, मीच नाजूक आहे." पुढे माझ्या स्वयंपाकघरात जे बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्या दिवशी कुणालाही घरी जायची घाई नव्हती.

बायकांनी अट एकच घातली. मागे रुग्णालयाची पांढरी चादर नको, ती प्रेतावर घालतात. आपापलं कापड आणू. मग काय, हिरवे, जांभळे खण आले, अबेनाचं केशरी कापड आलं, एकीने तर लग्नातला शालू आणला. फोटो मोठ्या थाटात निघाले. डॉक्टरीणबाईंनी ते स्क्रीनवर उघडले आणि नुसत्या बघत राहिल्या. खणाचा हिरवा रंग एकीच्या कातडीवर उतरला होता, केशरी कापडाने दुसरी केशरी झाली होती. भाजल्याचा डाग कुठला आणि कापडाची छटा कुठली, काही कळेना. यंत्रातल्या चित्रांवर आयुष्य काढलेली इंजिनिअर, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. मी म्हटलं, "नीलिमा, सगळ्यांना एकदम कावीळ झाली का गं?" ती हसून हसून खुर्चीतच वाकली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, एकदा त्यांनी धीर केला. दुसऱ्यांदा कोण येईल?" तिला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्यांदा आधीपेक्षा जास्त आल्या. प्रत्येकीने कुणाला ना कुणाला सोबत आणलं होतं, अबेनाने तर निम्मं दुकान आणलं. या वेळी मागे आमच्या ह्यांचा राखाडी पलंगपोस लावला. खण बायकांनी डोक्यावरून घेतले, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे. पुढे तपासण्या, परवानग्या, छपाई, यात बराच काळ गेला आणि तेवढ्यात आजार यकृतात परत आला. पण तक्ता लागला त्या दिवशी ती व्हीलचेअरवरून तिथे गेली. उटे रडत होती, आणि ही म्हणाली, "तिसऱ्या फोटोखालची अक्षरं बारीक झालीत." इतका अभिमान मला माझ्या मुलांचाही कधी वाटला नाही.

ती गेल्यानंतर मी त्या रुग्णालयात पुन्हा जायला लागले, सायलीसोबत. ती इथे पीएचडी करते, तिचंही रेडिएशन सुरू झालं होतं आणि घरचं कुणी जवळ नाही. उटेने तिची कातडी लाल झालीय का ते पाहिलं नाही. विचारलं, "कालच्यापेक्षा गडद वाटतंय? जळजळ होते?" सायली संकोचून म्हणाली, "थोडीशीच." उटेने तक्त्यावरच्या पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "याही थोडीशीच म्हणायच्या." आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलावलं. मलम आलं, पट्टी आली. सायलीने मला मराठीत हळूच विचारलं, "मावशी, या कोण?" फोटोत चेहरा नाही… मी म्हटलं, "माझी धाकटी जाऊ."

परवा सायलीचं रेडिएशन संपलं. तिचं एकाही दिवशी थांबवावं लागलं नाही.