बकरीच्या दुधावर चढणाऱ्या प्लेटलेट्स

पुण्याला मुलीकडे आठवडाभर राहून मी झाशीला परतले, तर आमच्या अंगणात पेरूच्या झाडाला एक बकरी बांधलेली. "ही कुणाची?" असं विचारल्यावर नवऱ्याने नजर चुकवली आणि धाकट्या दिरांनी घसा साफ केला. माणसं घसा साफ करायला लागली की प्रकरण आजाराचं आहे, हे मला धंद्यामुळे कळतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सिविल लाइन्समध्ये माझी छोटीशी लॅब आहे, आणि मी गावात नसले की तिला कुलूप असतं.

झालं होतं ते असं. सासूबाईंनी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसून सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एका गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधीची रक्ततपासणी, मी नसल्यामुळे, दुसऱ्या एका लॅबमध्ये झाली आणि तिथल्या मशीनने प्लेटलेट्स एकोणीस हजार दाखवल्या. धडधाकट माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. रक्त थांबवायचं काम याच पेशींचं, त्यामुळे सर्जनने हात वर केले. ब्लड कॅन्सरही असू शकतो, दिल्लीला जाऊन बोनमॅरो तपासून घ्या, असंही सांगून टाकलं. मला मात्र कुणी कळवलं नाही. "उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला," नवरा म्हणाला. बायको याच विषयाची डॉक्टर असताना तिला सोडून बकरीला बोलावणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

डेंग्यूने झाशीत घरोघरी प्लेटलेट्सचे तज्ज्ञ तयार केले आहेत. पपईच्या पानांचा रस, किवी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बकरीचं दूध. ही बकरी दिरांच्या ऑफिसातल्या एकाने झाशीजवळच्या 'मोठ' नावाच्या गावाहून आणून दिली होती. जाताना तो आपल्या बुंदेलीत बजावून गेला होता, "अम्मा खों दोई टैम पिआओ, सब ठीक हो जैहै." गुण येतोय की नाही हे पाहायला दिरांनी रोज तपासणी लावली होती. त्या लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त काढायचा.

"वहिनी, मंगळवारी सीधे एकेचाळीस हजार झाल्या होत्या," दीर सांगू लागले. "बुधवारी बकरीने गाजरघास खाल्ली, आणि पंधरावर गिर गए."

मी कपाळाला हात लावला. मग सहज विचारलं, "मंगळवारी रक्त नेणारा माणूस आपल्याकडून कुठे गेला?"

"सरळ लॅबमध्ये. आपलंच घर शेवटचं होतं. बुधवारी पहिलं होतं, मग सगळा मोहल्ला फिरला असेल."

माझे कान टवकारले. रिपोर्ट काढून पाहिले. हिमोग्लोबिन चांगलं, पांढऱ्या पेशी चांगल्या, एकट्या प्लेटलेट्सच रसातळाला. गुडघे बघायचं निमित्त करून मी सासूबाईंच्या नडग्या पाहिल्या, बोलता बोलता हिरड्या पाहिल्या. इतक्या कमी प्लेटलेट्समध्ये अंगावर निळेकाळे डाग उठतात. इथे एकही नव्हता. मला शंका आली ती दिलासा देणारी होती, पण शंकेवर रिपोर्ट देता येत नाही. नुसत्या याच आकड्यापासून सुरू झालेला खरा कॅन्सरही मी पाहिला होता. दिल्लीची तिकिटं दुसऱ्या दिवसाची होती.

सासूबाई भलत्याच शांत होत्या. "आता गुडघा कशाला दुरुस्त करायचा?" त्या म्हणाल्या. "वर काही जिने चढायचे नाहीत." त्यांनी साड्यांची वाटणीसुद्धा करून ठेवली होती. माझ्या वाट्याला ती मोरपिशी इरकल आली होती, जी मला कधीच आवडली नव्हती.

मी त्यांना दिरांच्या गाडीत घालून लॅबमध्ये नेलं. दीर बाहेर बाकावर बसले. मी स्वतः रक्त काढलं, एक नळी नेहमीची जांभळ्या झाकणाची आणि एक निळ्या झाकणाची. दोन्हींत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, पण वेगवेगळं. जांभळ्या नळीतल्या औषधाने काही माणसांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, आणि नळी जितकी ताटकळेल तितक्या जास्त, बुधवारी मोहल्लाभर फिरली तशी. मी नळ्या जरा ताटकळू दिल्या, स्लाइड केल्या, रंगवल्या.

आधी पांढऱ्या पेशी पाहिल्या. एकेक पेशी. इतकी वर्षं हेच करतेय, पण त्या दिवशी मला श्वास घ्यायची आठवण राहत नव्हती. एकही वेडीवाकडी पेशी नव्हती. मग जांभळ्या नळीच्या स्लाइडच्या कडेला गेले. तिथे प्लेटलेट्सचे हे एवढाले गोळे, नीट न भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी व्हावी तसे. निळ्या नळीच्या स्लाइडवर त्याच प्लेटलेट्स सुट्या, मोकळ्या, भरपूर.

"आई, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुमच्या प्लेटलेट्स नळीत जाऊन गोळा होतात. मशीन अख्खा गोळा एकच धरतं, नाहीतर मोजतच नाही."

सासूबाईंनी लगेच तिकीट खिडकीचा हिशेब लावला. "म्हणजे आख्खं कुटुंब एका तिकिटावर गेलं?"

"अगदी तसंच."

"आणि माझ्या अंगात?"

"अंगात सगळ्या सुट्या. आपापल्या तिकिटावर."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "फार घाबरले होते गं मी. सांगणार कुणाला? तोंड उघडलं की कुणीतरी दूध घालत होतं."

मी म्हणाले, "मीपण घाबरले होते, आई." आणि मग मला आवरेना. त्यांनाही आवरेना. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींसमोर कधी रडलो नव्हतो. राहिलेलं सगळं त्या दुपारी रडून घेतलं.

एवढ्यात बाहेर कुणीतरी हंबरडा फोडला. मी दार उघडलं तर दीर बाकावर तोंड झाकून ओक्साबोक्शी रडत होते. आमचा आवाज ऐकून त्यांनी निकाल लावून टाकला होता. मला पाहून कसेबसे म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. किती दिवस राहिलेत?"

मी तोंड उघडायच्या आत मागून तिकीट खिडकीवरचा तो खणखणीत आवाज आला, "ते गुडघ्याच्या डॉक्टरला विचार आणि जवळची तारीख घे. मला चालायचंय."