कारण मागणारे माणिकदादा

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी आणीबाणीचा विषय काढला की मी घाईनं चहातल्या दुधाबद्दल बोलायला लागायचो. पण मागच्या महिन्यात माणिकदादा गेल्याचा फोन आला... आणि दुधाबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही.

दादांचं शहागंजात सायकलींचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान मिटलं की आम्ही पाचसहा जण समोर चाचांच्या हॉटेलात बसायचो. तिथं सगळी बाकडी, हाताची खुर्ची एकच. रोज पाळीनं एकानं त्या खुर्चीत बसायचं. तो त्या दिवसाचा अध्यक्ष. त्याच्या परवानगीशिवाय कुणी बोलायचं नाही आणि ठराव करून सरकार रोज बरखास्त व्हायचं. भजी कच्ची निघाल्यामुळं एका अन्नमंत्र्याला जावं लागलं होतं. आणीबाणी आली तरी सभा चालूच राहिली. चेष्टेसाठी कोण कशाला धरील, असं आम्हाला वाटायचं.

त्या संध्याकाळी पाळी माझी होती. बसायला वाकलो आणि कोपऱ्यातल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडं लक्ष गेलं. धोतर गावाकडचं, पण त्याखाली पोलिसाचे तांबडे बूट. मी तसाच सरळ झालो. म्हणालो, "दादा, मान तुमचा. आज तुम्हीच बसा."

दादा लाजले, टोपी नीट केली आणि बसले. सरकारही त्यांनी जरा जास्तच थाटात बरखास्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानातून उचललं, मिसा कायद्याखाली. ना कोर्ट, ना वकील.

मला का धरलं तेवढं सांगा, असे अर्ज दादा तुरुंगातून करत राहिले. कारण सांगणं देशहिताचं नाही, असं उत्तर आलं. आणीबाणी उठली, ते घरी आले, पण कारण मागायची सवय काही गेली नाही. नळाला पाणी का नाही, बस का वळवली, सगळं लेखी हवं. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा म्हणाले, "आधी कारण द्या, मग बंदी घाला." पोलिसांनी कुणालाही कारण न सांगता चौकीत बसवलं की दादा सायकलवर हजर. फौजदाराला म्हणायचे, "सोडू नका साहेब. पण कशापायी धरलं, ते त्याच्या मायला तरी सांगा." सायकल दिसली की फौजदार आपणहून कागद शोधायला लागायचे. अशी किती माणसं त्या दिवशीच घरी जेवली.

आणि सरकारनं त्यांना जे कारण कधी दिलं नाही, ते रोज त्यांच्या शेजारी बसून बशीतून चहा पीत होतं.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा धीर केला. "दादा, एक बोलायचं होतं..."

डोळे मिटूनच म्हणाले, "अध्यक्षाची परवानगी घेतली का?"

"आज कोण अध्यक्ष?"

"तूच की. तुझी एक पाळी राहिलीय नं."

मी त्यांचं पांघरूण सारखं करत बसलो. नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि मी, खरं सांगतो, सुटल्यासारखा बाहेर आलो.

परवा हॉटेलात गेलो. आता चाचांचा मुलगा गल्ल्यावर असतो. त्यानं ती खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बैठो साब, खालीच है." मी बाकड्यावरच बसलो. दादा, माझं चुकलं, एवढंच बोलायचं होतं. खुर्चीकडं पाहत परवानगी मागितली... आणि चहा निवेपर्यंत थांबलो.