भीमराज फिटरची लाल गाडी

घाटंजीत भीमराज मुनेश्वरचं घर विचारलं की सांगणारा आधी हसतो, मग हात दाखवतो. “तो लाल गाडीवाला ना? ज्याची गाडी चालतच नाही?” हे हसू मला सहन होत नाही. त्या गाडीला सगळ्या गावानं मिळून घातल्या नसतील तेवढ्या शिव्या मी एकट्यानं घातल्या आहेत. पण मी घालू शकतो, दुसऱ्यानं घालू नये. भीमराज आणि मी वीस वर्षं युनियनच्या एकाच बॅनरची दोन टोकं धरून चाललो आहोत.

तो जिनिंगमध्ये फिटर होता. कापसातून सरकी काढणारी ती यंत्रं, त्यांचे रोलर, सुऱ्या, पट्टे, बेअरिंग, सगळं त्याच्या हाताखाली. शेडच्या दारात उभा राहून सांगायचा, “तीन नंबरची सुरी घासून राह्यली.” उघडून पाहावं तर तीन नंबरचीच. पण आयटीआय नाही, सर्टिफिकेट नाही, म्हणून हजेरीपटावर शेवटपर्यंत ‘बिगारी’. ते बदलायला मी कामगार कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब म्हणायचे, कागद आणा. कागद द्यायचा मालकानं. मालक कशाला देतो?

मग कापसाचे ते दिवस आले. भाव पडला, माल परराज्यात जाऊ लागला आणि २००६ साली जिनिंगला कुलूप लागलं. यंत्रं भंगारात गेली. शेडच्या कोपऱ्यात रुईच्या पुंजक्यांखाली एक गाडी निघाली. मालकाच्या मुलानं, पियुषनं, १९९९ मध्ये हौसेनं घेतलेली स्पोर्ट्स कार. दोनच सीट, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की बसलं म्हणजे बूड रस्त्याला घासेल असं वाटावं. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यानं ती नाल्याच्या पुरात घातली. इंजिन जाम झालं, हौसही जाम झाली.

भंगारवाल्यानं बॉडीवर टिचकी मारली. “हे तं फायबर हाय. काट्यावर काय हवा मोजू?”

पियुष भीमराजला म्हणाला, “तूच घेऊन जा.” उकिरड्यावर टाकायचीच वस्तू. भीमराजनं ती बैलगाडीला बांधून घरी आणली. कागद मात्र रीतसर नावावर करून घेतले. तेवढं माझ्याकडून शिकला होता.

पुढची आठ वर्षं मी काय पाहिलं ते सांगतो. पिठाच्या गिरण्या आणि फवारणीचे पंप दुरुस्त करून तो पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात गाडीखाली आडवा व्हायचा. कंपनीनं ती गाडी बनवणं केव्हाच बंद केलेलं. पुस्तक नाही, पार्ट नाही. नागपूरच्या दुकानात पार्ट मागितला की काउंटरवरचा माणूस आतल्याला हाक मारायचा, “अरे बघ, घाटंजीहून स्पोर्ट्स कार आली!” तांब्याचा पत्रा कापून यानं हेडचं गॅस्केट केलं. सायलेन्सर जिनिंगच्या जुन्या पट्ट्याच्या तुकड्यांवर टांगला. क्लचची केबल ट्रॅक्टरची. टॅपेटचा गॅप वहीच्या कागदानं लावला, जसा सुरीचा लावायचा. एक नट बसवायचा तर दोन तुटायचे. इंजिन चालू व्हायचं, तर पाणी गळायचं. पाणी थांबलं, तर तेल.

इकडे माझा मोर्चा. “भीमराज, उद्या तहसीलवर जाणं हाय. येतो ना?”

गाडीखालून फक्त पाय दिसायचे. पाय म्हणायचे, “पिस्टन चढवून राह्यलो, नेते. मोर्चा परवा ठेवा.”

“तुह्या गाडीपायी मी मोर्चाची तारीख बदलू?”

“मंग मोर्चापायी मी गाडीची काहून बदलू?”

प्रभावती, त्याची बायको, दारातून म्हणायची, “भाऊ, तुम्ही दोघं सारखेच. तुमचा मोर्चा पोहचत नाही आन् ह्यांची गाडी.”

मला वाटायचं, मालकाच्या पोराच्या उष्ट्या खेळण्यावर माणूस आयुष्य घालवतो म्हणजे काय? एकदा तोंडावर बोललो. तेव्हा त्यानं हात पुसले आणि नीट समजावलं. डिसेंबर २०१४ ला गाडीची पंधरा वर्षं पूर्ण होतात. त्याआधी यवतमाळला आरटीओत न्यायची. तिथला इन्स्पेक्टर इंजिन बघतो, ब्रेक बघतो, लाइट बघतो आणि लिहून देतो की गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची आहे. “माह्या कामावर सरकारी सही, भाऊ. तुम्ही वीस वर्षांत आणली काय एक तरी?”

 

तारीख मिळाली, मुदत संपायच्या आदल्या दिवसाची. ती हुकली तर गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही, मग ट्रकवर टाकून न्या आणि लोकांना पुन्हा हसवा. सगळ्या बाजारात तो सांगून बसला होता की चालवत नेणार. तालमीला म्हणून आठवडाभर बंद जिनिंगच्या आवारात फिरवली. धावली. मी बसलो होतो, खोटं का बोलू, छाती फुगली होती.

त्या दिवशी सकाळी आठला निघालो. भीमराजचा पांढरा शर्ट, केसाला तेल, डॅशबोर्डवर कागदांची पिशवी. कापसाच्या गाड्या थांबून बघत होत्या. एका गाडीवानानं विचारलं, “वरचं छप्पर कोनं चोरलं?” भीमराज हसला. बारा-तेरा किलोमीटर मस्त गेलो. मग गाडी जड होऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तरी ओढेना. चढावर रबर जळाल्यासारखा वास आला आणि पुढच्या दोन्ही चाकांतून धूर.

गाडी बाजूला घेऊन त्यानं चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग तिथंच उकिडवा बसला.

“काय झालं?”

“परवा ब्रेक खोलले होते. इन्स्पेक्टर पाहीन म्हणून सारं चकाचक करावं म्हटलं. धुतले.”

“मंग?”

“डिझेलनं धुतले.”

मला काही कळलं नाही. जिनिंगमध्ये सगळं डिझेलनंच धुतात. बेअरिंग धुवा, बोल्ट धुवा, हातही डिझेलनंच धुवा.

“ते लोखंड असते, भाऊ. यात ब्रेकच्या पिस्टनले रबर हाय. डिझेल पिऊन रबर फुगलं. पिस्टन मागं सरकतच नाही, ब्रेक धरून बसला.” त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. “आठ वर्षं! आन् आखरीले गिरणीवाला तो गिरणीवालाच राह्यलो.”

साडेनऊ झाले होते. माझं डोकं तापलं. “आता उपाय सांग. रडू नको.”

“ब्रेकचं निप्पल खोललं की आतलं तेल सुटते, चाक मोकळं होते. पण मंग पुढच्या चाकाले ब्रेक नाही.”

“हँडब्रेक हाय ना? हळू चाल. आरटीओच्या दाराशी नेऊ, तिथं मिस्त्री पाहू. निदान तारखेले हजर तं राहू!”

“नाही.”

“नाही कायले? आठ वर्षं ज्या सहीसाठी—”

“नाही म्हटलं ना!” तो माझ्यावर कधी ओरडत नाही. “हा बाजाराचा दिवस हाय. रस्त्यानं बाया चालून राह्यल्या, पोरं चालून राह्यले. अधुरी मशीन एकदा चालू केली मी. पुन्हा नाही.”

“कोणती मशीन?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मानीबाईची.”

मानीबाई जिनिंगमध्ये यंत्राला कापूस लावायची. २००३ मध्ये तिची तीन बोटं रोलरमध्ये गेली. रोलरसमोरची जाळी काढलेली होती. ओला कापूस अडकला की जाळी आडवी येते, काम थांबतं, म्हणून काढलेली. ते प्रकरण मी लढलो. मालकाच्या बंगल्यासमोर अकरा दिवस बसलो, भरपाई मिळवली. माझ्या आयुष्यात पूर्ण जिंकलेली तेवढी एकच लढाई. बॅनरचं दुसरं टोक भीमराजच्या हातात होतं.

“जाळीचे चार बोल्ट म्या खोलले होते, भाऊ. मुनीम म्हणे खोल. म्या खोलले. घंटाभर चालवून पुन्हा लावतो म्हटलं.”

माझ्या तोंडाला आलं ते मी बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही. अकरा दिवस माझ्या शेजारी बसून घोषणा देतो, मालक चोर म्हणतो, आणि पाना याच्या हातात! मी म्हणालो, “आता घाटंजीले चाल. मानीबाईसमोर उभा राहा आन् सांग तिले.”

“तिले मालूम हाय.”

“काय?”

“तिनंच पाह्यलं होतं मले खोलताना. दवाखान्यात गेलो तं म्हणे, तुहं नाव घेतलं तं मालक सुटते आन् तू जेलात जातं. मी मालकाचंच नाव घेते म्हणे. तुम्ही बयान लिहून घेतलं ना, ते तिनं तसंच सांगतलं.”

ते बयान माझ्या हस्ताक्षरात आहे. मी लिहिलं, मी वाचून दाखवलं, तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. प्रभावतीला माहीत होतं. बहुतेक सगळ्या शेडलाच माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या नेत्याला.

अकरा वाजले, मग बारा. आरटीओत नाव पुकारलं गेलं असेल. पिशवीतले कागद डॅशबोर्डवर उन्हात तापत होते. एक वाजल्यानंतर आमच्या गावच्या देवसिंगचा ट्रॅक्टर बाजारातून रिकामा घाटंजीकडे परत चालला होता, तो थांबला. त्यानं गाडी पाहिली, आम्हा दोघांची तोंडं पाहिली आणि पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. भीमराजनं निप्पल खोलून चाकं मोकळी केली, दोर बांधला, मला स्टिअरिंगवर बसवलं.

“मी?”

“मी मांगं चालतो. काही सुटलं, घासलं तं मले दिसलं पाह्यजे. तुम्ही हँडब्रेकवर हात ठेवा. उतारावर हळूहळू ओढा, झटका देऊ नका.”

“माह्याशी बोलू नको तू.”

“बोलत नाही. फक्त झटका देऊ नका.”

ट्रॅक्टर चालण्याच्या वेगानं निघाला. मी आरशात पाहिलं. पांढरा शर्ट कमरेला बांधून तो मागून येत होता, नजर चाकांवर. तेरा-चौदा किलोमीटर. एकदाही मी मागे वळून ‘गाडीत बस’ म्हणालो नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.