वामनला थांबवत नव्हतं

माझा मित्र वामन याला त्याच्या सख्ख्या भावाने, शरदने फसवलं. डॉक्टरांच्या गोळ्या काढून त्याने तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. वामन जाऊन दीड महिना झाला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं घोटीच्या बाजारात बैलांचे सौदे करायचो. मी दुसऱ्यांच्या बैलांचे दोर धरत वर आलेला, तापट. वामन मात्र थांबणारा. रुमालाखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. गिऱ्हाईक उठून गेलं तरी याचं बोट हलायचं नाही. मला म्हणायचा, “थांब ना अण्णा, बैल काय पळून चाललाय? येतोय बघ तो परत.” आणि तो यायचाच!

पुढे त्याला उदासीने धरलं. गोळ्यांनी सावरला. पण बाजारात कुणी ‘वेड्याची गोळी’ म्हणू नये म्हणून त्या तो पाकिटातून काढून चुन्याच्या डबीत ठेवायचा. तिथेच घात झाला...

यंदा गिऱ्हाईक यायच्या आधी आमचा आपसातला भाव ठरवताना रुमालाखाली त्याचा हात माझ्या हातात आला, तो घामाने ओला. मग गिऱ्हाइकाच्या पहिल्याच मागणीला त्याने बैलजोडी देऊन टाकली. मी ओरडलो, “डोकं फिरलं का रे तुझं?”

“नाय थांबवत रे अण्णा. छातीत लय धडधडतं. आत्ता मिळतंय ते घेऊन टाकू दे.”

त्याच आठवड्यात देवळाली कॅम्पकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. लोक गाड्या बंद करून उभे होते. वामनने मोटारसायकल दांड्याखालून घातली आणि रेल्वेखाली गेला.

तेराव्यानंतर वामनच्या बायकोने, वहिनींनी, डबी माझ्याकडे दिली. ती मी दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “या माझ्या गोळ्या नाहीत.” मग समजावलं, “मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते कमी पडलं की उद्याच्या मोठ्या फायद्यासाठी थांबणं जड जातं, हातातलं थोडकं बरं वाटतं, असं संशोधनात दिसतं. पण फाटकावर तेच घडलं, हे मी छातीठोक सांगणार नाही.”

मी सांगतो. तो हात मी धरला होता.

आता मला भीती वाटते. वामन गेल्यावर उदासीने मलाही धरलं, आणि तीच गोळी गेल्या महिन्यापासून मलाही सुरू आहे. रोज सकाळी ती खिडकीत नेऊन उलटसुलट बघतो. बायको म्हणते, “माझ्यावरही भरवसा नाही का?” मी तरीही गोळी उजेडात धरतो. परवा चहा निवेपर्यंत थांबवलं नाही, जीभ पोळली, आणि मी घामाघूम होऊन खाली बसलो. ही नुसती चहाची घाई, की वामनसारखं न थांबवण्याची सुरुवात... कसं कळावं?

डबी समोर धरली तेव्हा शरदने माझ्यापुढे कबूल केलं, “त्या गोळ्या कुणाला कळल्या असत्या तर पुतणीची सोयरीक मोडली असती, अण्णा. वेडा बाप कोण पत्करतं?” आणि वहिनींना तो अजून नशीब म्हणून सांगतो. शरद, नशिबाला हात नसतात. वहिनींसमोर बस, त्या पोरीला जवळ बोलाव, आणि तिचं नाव पुढे करून तू काय केलंस ते तिच्याच तोंडावर सांग. इंदिरानगरात तुझ्या दाराशी मी आज संध्याकाळी येतोय.