आईनं निवडलेल्या गोळ्या

माझी आई विकतचा मसाला घरात येऊ देत नाही आणि मी विकतची काडतुसं. दोघींचं कारण एकच, दुसऱ्यानं आत काय घातलंय कुणास ठाऊक! मी परदेशी, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकायला आले, युनिव्हर्सिटीच्या माती तपासायच्या लॅबमध्ये चिकटले आणि गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक जुनं घर घेतलं. लग्न केलं नाही, शेळ्या पाळल्या. यावर आईचं मत विचारायची गरज नाही, ती आपणहून सांगते.

शेळ्या आल्या की मागोमाग कायोटी येतोच. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान आणि दोघांहून आगाऊ. मागच्या वसंतात त्यानं माझं एक करडू भरदिवसा उचलून नेलं. मी रडले, मग चिडले आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेले. त्याचा जन्म शिकारीत गेला, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यानं मला रायफल शिकवली आणि काडतुसं घरी भरायलाही शिकवली. इथे याला हँडलोडिंग म्हणतात. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, तोलून दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. खरी चर्चा असते ती कुठली गोळी घ्यायची यावर. आपल्याकडे आमटीत गूळ घालावा की नाही यावर लोक जसे हट्टाला पेटतात, तसे इथे गोळीवरून पेटतात.

बाबा गेल्यावर मी आईला ग्रीन कार्डावर कायमची घेऊन आले. नाशिकचा फ्लॅट बंद केला, पण तिचं मन काही आलं नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही, भाजीवाला ओरडत नाही, आणि शेळीच्या दुधाचा चहा ती तोंडाला लावत नाही. "मी इथे करू काय, ते सांग," असं ती रोज विचारायची आणि मी रोज विषय बदलायचे. ती परत जाईल याची मला धास्ती होती. तिकडे रिकाम्या घरात ती एकटी बसलेली मला डोळ्यांपुढे दिसायची.

एका रविवारी ती तळघरात माझ्या काडतुसं भरायच्या टेबलापाशी आली. टबात काळवंडलेल्या पुंगळ्या पडल्या होत्या. "पितळ आहे ना गं हे?" तिनं विचारलं. मी हो म्हणून शेळ्यांकडे गेले. परत येते तर आईसाहेबांनी सगळ्या पुंगळ्या चिंचेच्या कोळात बुडवून देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत केलेल्या आणि जुन्या साडीवर हीटरसमोर वाळत घातलेल्या. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका खुलला नव्हता. आत ओल राहिली नाही ना हे मी नीट पाहिलं आणि तिची मनापासून पाठ थोपटली. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर टेबलही लखलखीत. दुकानातून आलेली वस्तू दुकानाच्या खोक्यात राहू द्यायची नाही, हा आईचा धर्म. डाळ असो, साखर असो की बंदुकीची गोळी. माझ्याकडे गोळ्यांची दोन खोकी होती, एक चाळीस ग्रेनच्या आणि एक पंचावन्न ग्रेनच्या गोळ्यांचं. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेहूनही लहान माप. दोन्ही गोळ्यांना टोकाला लाल प्लास्टिक. आईला त्या एकाच जातीच्या वाटल्या आणि तिनं दोन्ही खोकी लोणच्याच्या एका धुतलेल्या बरणीत रिकामी केली. वर झाकण, झाकणावर चिठ्ठी, "गोळ्या".

माझं डोकं सटकलं. "अगं आई, हे काय केलंस! हलक्या गोळीमागे जेवढी दारू चालते तेवढी जड गोळीमागे भरली, तर रायफल माझ्याच तोंडावर फुटेल! तुला कळतं का काही?"

आईचा चेहरा उतरला. "नाही कळत," ती म्हणाली. "इथलं मला काहीच कळत नाही. मला आपलं परत पाठव. तुला माझा त्रास नको." आणि ती वर गेली.

मी बरणीकडे बघत बसले. गोळ्यांचं काय, त्या तोलून वेगळ्या करता येतात. पण आई तोंडानं "परत पाठव" म्हणाली होती आणि ती बोललेलं करते. मी वर गेले, चहा केला, तिच्यासाठी दुकानच्या दुधाचा, आणि म्हटलं, "चूक झाली ती झाली. आता निवडायला बस माझ्याबरोबर. मला एकटीला जमणार नाही." हे साफ खोटं होतं.

ती आली. नाक फुगवून, पण आली. मधे इलेक्ट्रॉनिक काटा, दोन बाजूंना दोन वाट्या. ती एकेक गोळी काट्यावर ठेवायची, आकडा वाचायची आणि तांदूळ निवडावेत तशी वाटीत टाकायची. गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही, त्यामुळे थोड्या वेळानं प्रश्न सुरू झाले.

"दोन दोन कशाला लागतात?"

मी सांगितलं. हलकी गोळी फार वेगानं जाते, आत शिरताच फुटते आणि बाहेर येत नाही, म्हणून कातडं शाबूत राहतं. जड गोळी वाऱ्यानं कमी ढळते आणि खोल जाते, पण कधीकधी पलीकडून बाहेर पडून कातड्याची वाट लावते. शेजारचा म्हातारा हलकीच घे म्हणतो, कारण कातडी तोच कमावतो.

"आणि हलकी नुसती खांद्याच्या हाडावर लागली तर?"

"तर वरवरच फुटू शकते. जनावर जखमी होऊन पळतं."

"म्हणजे कुठेतरी तडफडत पडणार." आईनं हातातली गोळी काट्यावर ठेवली. "तुला कातडं हवंय का?"

"नाही."

"मग प्रश्न मिटला. त्याला कळायच्या आत संपलं पाहिजे. जडच भर." आणि चाळीसची वाटी तिनं टेबलाच्या पार कडेला सरकवली. इतके दिवस मी लोकांचे वाद वाचत होते, आईनं चहा संपायच्या आत निकाल लावला. मला तिचा खूप अभिमान वाटला.

त्या शनिवारी पहाटे मी रायफल घेऊन टेकडीवर निघाले, तर ही दोन स्वेटर, माझी स्नोपँट आणि माकडटोपी घालून दारात उभी. "गोळ्या मी निवडल्यात. कसं होतं ते मला बघितलं पाहिजे." वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही झुडपामागे बर्फावर सतरंजी टाकून बसलो. मी सशाच्या ओरडण्याचा आवाज काढणारं यंत्र लावलं आणि तिला बजावलं, "हू की चू करायचं नाही."

उजाडलं आणि तो आला. खालच्या कुंपणाकडून, दबकत, करडा, झुपकेदार शेपटीचा. मोकळ्यावर येऊन थांबला आणि सरळ आमच्याकडे बघू लागला. वारा पडलेला. अशी संधी पुन्हा मिळत नाही. मी श्वास रोखला, बोट घोड्यावर नेलं.

"हाड्! हाड् हाड्!"

सतरंजीवर उभी राहून आई दोन्ही हात हलवत होती. कायोटीनं अशी धूम ठोकली की बर्फ उडाला. मी रायफल खाली केली आणि तिच्याकडे वळले. तोंडात शब्द तयार होते.

"तो माझ्याकडे बघत होता गं," आई म्हणाली. ती अजून कुंपणाकडेच बघत होती. मग तिनं माझं तोंड बघितलं आणि ती हसायला लागली. हसता हसता सतरंजीवर बसली, माकडटोपी डोळ्यांवर आली तरी थांबेना. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मग मलाही आवरेना.

"आता माझ्या शेळ्यांचं काय?" मी डोळे पुसत विचारलं.

"बघितलंस ना कसा पळाला? तू खुशाल जा कामाला. दिवसभर मी आहे ना घरात." ती उठली आणि सतरंजी झटकू लागली. "वसंतात करडं झाली की कुणीतरी लागेलच इथे."

मी रायफलीतलं काडतूस काढून खिशात टाकलं आणि म्हटलं, "हो आई, लागेलच."