हर्षाच्या नवऱ्याचा पत्ता

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक जेवणाचं टेबल दिसतं. डावीकडे मोठी खिडकी, पडदे नसलेली, इथल्या घरांच्या असतात तशी. खिडकीपलीकडे अरुंद कालवा आणि काठाला बांधलेली शेजाऱ्यांची होडी. टेबलावर मऊ भाताची वाटी, बाळाने त्यात उभा रोवलेला चमचा आणि एक निळा लिफाफा. नेदरलँड्समध्ये निळा लिफाफा म्हणजे करखात्याचं पत्र, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेबलाच्या एका टोकाला हर्षा बसली आहे, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा अनुप. काळ एप्रिल २०२१, रविवारची दुपार. दिवसाला एकच पाहुणा घरात घ्यायचा, असा तेव्हा सरकारी नियम होता आणि त्या दिवसाचा तो पाहुणा मी होते.

हर्षा आमची शेजारीण. मी माझ्या मुलाकडे, श्रीकांतकडे, लायडनजवळच्या या गावात कितीतरी वर्षं राहते आहे. हर्षा नागपूरची. लायडनच्या विज्ञान संकुलात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. अनुपचं ऑफिस आम्स्टरडॅमला, स्लोटरडाइक स्टेशनच्या समोर. दोघंही शांत, नीटनेटके, सायकली नेहमी कुलपात. उभा जन्म माझा नाटकाच्या गडबडीत गेला, रंगपटात एका आरशासमोर चार जणींनी तोंडं रंगवायची, त्यामुळे असली शांत माणसं मला आधी जरा अळणी वाटली होती. ती माझी चूक हर्षाने पुढे दुरुस्त केली.

२०२० च्या मार्चमध्ये अनुपच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून तो नागपूरला गेला. पंधरा दिवसांत परत येणार होता. विमानं बंद झाली. हर्षाला तेव्हा सहावा महिना होता. जूनमध्ये मुलगी झाली ती आईविना, सासूविना आणि नवऱ्याविना. बाळंतिणीच्या मदतीला इथे सरकारी व्यवस्थेतून नर्स घरी येते, तीही करोनामुळे थोडाच वेळ यायची. मग मी गेले. नर्सबाई म्हणाल्या, बाळाला आठवड्यातून दोनदा अंघोळ पुरे. मी मान डोलावली आणि त्यांची सायकल वळणाआड जाताच पाणी तापवलं. बाळ झालं की इथे कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून त्यावर रंगीत साखरेत घोळलेली बडीशेप पसरतात आणि भेटायला येणाऱ्याला देतात. मी ती चाखली आणि हर्षाला म्हटलं, दूध यायला बडीशेप द्यावी हे यांनाही कळलंय, माणसं आपल्यातलीच आहेत.

रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी हर्षा टेबलावर टॅब्लेट उभा करायची आणि त्यात अनुप यायचा. तिकडे रात्र झालेली असायची. तो इथल्या वेळेनुसार नागपुरातून ऑफिसचं काम करायचा आणि मधल्या वेळात वडिलांना कूस बदलून द्यायचा. बाळाचं नाव ठेवलं तेव्हा बुद्धवंदना त्यानेच तिकडून म्हटली, आवाज मागेपुढे येत होता आणि आम्ही दोघी इकडे हात जोडून उभ्या होतो.

आता त्या निळ्या लिफाफ्याची गोष्ट.

बाळाच्या जन्माची नोंद करताना वडील कुठे आहेत, हे हर्षाने सरळ सांगितलं होतं. त्यावरून नगरपालिकेचं पत्र आलं की तुमचे पती आठ महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहतील का. दुसरं कोणी असतं तर लिहिलं असतं, सांगता येत नाही. हर्षाचे वडील जिल्हाधिकारी कचेरीत कारकून होते. सरकारी कागदावर अंदाजपंचे लिहायचं नाही, असं तिच्या लहानपणीच तिच्या मनावर ठसलेलं. सासऱ्यांची तब्येत तिला माहीत होती. सप्टेंबरात थोडी विमानं सुरू झाली तेव्हा तिनेच अनुपला सांगितलं होतं की थांब, बाबांजवळ थांब. म्हणून तिने खूण केली, ‘होय’. नियमाप्रमाणे अनुपचं नाव गावच्या नोंदीतून निघालं. सासरे नोव्हेंबरात गेले, अनुप डिसेंबरात परत आला आणि त्याने पुन्हा नाव नोंदवलं. हा विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

वसंतात कर भरायची वेळ आली तेव्हा कळलं की संपलेला नाही. जो वर्षातला काही काळच या देशात राहिला त्याच्यासाठी इथे वेगळा, जाडजूड अर्ज असतो. निळ्या लिफाफ्यातून तोच अनुपच्या नावाने आला होता. म्हणजे वर्षातले ते महिने अनुप परदेशात राहणारा आणि हर्षा या घरात एकटी राहणारी बाई.

त्या रविवारी मी आत गेले तेव्हा भांडण होऊन गेलं होतं, त्याचा वास मात्र घरात होता. अनुपने मला पाहून हायसं वाटल्यासारखा सुस्कारा टाकला.

“काकू, तुम्हीच सांगा. मी गेल्या वर्षी इथला होतो की परदेशी?”

“आधी ती वाटी उचलून धू,” मी म्हटलं, “मग ठरवू.”

तो हसला. हर्षा हसली नाही.

अनुपचं म्हणणं सरळ होतं. ऑफिसच्या कर सल्लागाराने सांगितलंय, आला तो अर्ज भरून टाका, नगरपालिकेच्या नोंदीशी जुळतो, कोणी काही विचारणार नाही. एका कागदासाठी इतकं काय. हर्षा ऐकून घेत होती. मग ती म्हणाली की ज्या वर्षी मुलगी झाली त्या वर्षी माझा नवरा घर सोडून गेला होता, अशा कागदावर मी सही करणार नाही.

“पण ‘होय’ तूच लिहिलंस ना,” अनुप म्हणाला. “आणि थांब असंही तूच म्हणालीस.”

हे त्याने बोलायला नको होतं. त्यालाही ते लगेच कळलं. हर्षा उठून खिडकीशी गेली.

तिथे मला तिची खरी अडचण दिसली. तो गेला होता असं लिहावं तर तिच्या लेखी ते खोटं. तो इथेच होता असं लिहावं तर तेही खोटं, कारण नऊ महिने तो नागपुरात होता आणि तसं तिने स्वतःच सरकारला कळवलेलं. खोटं तर तिला लिहायचं नव्हतं. ती मला म्हणाली, “काकू, दोन्हीतलं खरं कुठलं तेच मला सापडत नाहीये.”

करातलं मला ओ की ठो कळत नाही. रंगमंचावरचं थोडं कळतं. आम्ही एक कौटुंबिक नाटक करायचो, त्यातला थोरला मुलगा तिन्ही अंकांत एकदाही रंगमंचावर येत नसे. पण नेपथ्यकाराने दाराशी त्याच्या चपला ठेवलेल्या असत, मी आईच्या भूमिकेत रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचे आणि धाकटी त्याच्या खुर्चीत बसली की सगळे तिला उठवायचे. सोलापूरला एका प्रयोगानंतर एक आजोबा रंगपटात येऊन विचारून गेले, तुमचा थोरला कोणत्या नटाने केला हो, फार छान केला. तो नट नव्हताच. हे मी हर्षाला सांगितलं आणि एवढंच म्हटलं की आपण कुठे राहतो हे पाय कुठे आहेत त्यावरून ठरत नसावं. सरकारचं मला ठाऊक नाही, तू विचारून बघ.

तिने सोमवारी दुपारी करखात्याला फोन लावला. बाळ कडेवर होतं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मी शेजारी बसले होते, सोमवारची पाहुणीही मीच. पलीकडे मध्यमवयीन बाईंचा आवाज होता, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नगरपालिकेची नोंद महत्त्वाची खरीच, पण करासाठी माणूस कुठे राहतो ते एका नोंदीवरून ठरत नाही, त्याच्या सगळ्या परिस्थितीवरून ठरतं. घर कुठे, बायको-मूल कुठे, नोकरी कुठली, डॉक्टर कुठला, परत यायचा इरादा होता का. ते इथलेच होते असं तुम्हाला वाटत असेल तर पूर्ण वर्षाचे रहिवासी म्हणून अर्ज भरा आणि सोबत खरं काय ते लिहून पाठवा. आम्ही तपासू.

हर्षाने लिहायला दोन संध्याकाळी घेतल्या. अनुप शेजारी बसून तारखा सांगत होता. कालचं तोंड आज कुठे गेलं, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, काकू, हिच्यापुढे सल्लागाराचं काय चालणार. पत्रात तिने स्वतः ‘होय’ लिहिल्याचं पहिल्याच परिच्छेदात सांगितलं. कोणीतरी ते शोधून काढेपर्यंत थांबायचं, हे तिला जमत नाही. मग घराचं भाडं दोघांच्या खात्यातून जात होतं ते लिहिलं, विमा चालू होता ते लिहिलं, त्याचे हिवाळी कपडे कपाटात होते तेही लिहिलं. त्याच्या सायकलीत ती दर शनिवारी हवा भरायची, तेही लिही असं मी म्हटलं, पण ती तयार नव्हती. हा काय पुरावा झाला, म्हणाली. अनुपला हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. उठून त्याने सगळ्यांसाठी चहा केला आणि ते वाक्य पत्रात गेलं.

निकाल सांगून टाकते, प्रेक्षकांना ताटकळत ठेवायचं माझं वय राहिलं नाही. उन्हाळ्यात दुसरा निळा लिफाफा आला. अनुप त्या पूर्ण वर्षासाठी नेदरलँड्सचा रहिवासी, असं करखात्याने मान्य केलं. हर्षाने तो कागद वाचला, घडी घातली आणि संध्याकाळी आमच्याकडे वरण-भात घेऊन आली. नेहमीसारखीच बोलली, प्रयोगशाळेबद्दल, बाळाच्या दातांबद्दल.

मला मात्र तिचे आभार मानायचे होते आणि ते कसे मानावेत हे कळेना. म्हातारीला शेजारच्या घरात भूमिका देणारी माणसं कमी असतात. त्या बंद वर्षात तिने मला तिचं बाळ धरायला दिलं, टेबलाशी खुर्ची दिली. पडदा पडल्यावर नटाला घरी जायचं जिवावर येतं. तिच्यामुळे मला दारं बंद असलेल्या दिवसांतही कुठेतरी जायचं असायचं.

निकालाचं पत्र आलं तेव्हा तिचं काम झालं, असं श्रीकांत म्हणतो. मला तसं वाटत नाही. ते त्या सोमवारीच झालं, मी तिच्या शेजारी होते. फोनवरच्या बाईंनी सगळी माहिती सांगून झाल्यावर अगदी शेवटी, जरा मऊ आवाजात, नियमाबाहेरचं विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तुमचे पती त्या वर्षी कुठे राहत होते. बाळाने हर्षाच्या चष्म्याला हात घातला होता. तिने तो सोडवला, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कोणाविषयी तक्रार नसल्यासारखी म्हणाली,

“राहत इथेच होते. घरी यायला जरा उशीर झाला त्यांना.”