आत्याच्या गाडीचा शेवटचा आकडा

माझी आत्या बेकरीची पावाची गाडी चालवायची. कॉलेज सुटलं तिचं, पण आकड्यांचा नाद सुटला नाही. सिग्नलला थांबली की मीटरवरचा किलोमीटरचा आकडा फोडायला घ्यायची. कशानेच भाग गेला नाही तर तो ‘हट्टी’, खूप जणांनी गेला तर ‘दिलदार’. मागचे लोक हॉर्न मारून मारून थकायचे.

तिचा सगळा जीव ५१०५१० वर. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा हे पहिले सात हट्टी. त्यांचा एकमेकांशी गुणाकार केला की बरोब्बर हा आकडा येतो. “या सातांनीही भाग जाणारा याहून लहान आकडा शोधून दाखव,” असं ती घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायची. पाहुणे चहा लवकर संपवायचे.

मालकांनी गाडी भंगारात काढली, तेव्हा आत्याने मीटर पाहिला, यार्डाचं अंतर विचारलं आणि एकदम उजळलीच. आकडा नेमका तिथे जुळत होता. गाडीने ५१०५१० वर थांबावं, बस, दुसरं तिला काही नको होतं. मला शेजारी बसवून ती निघाली. मलाही धड बसवत नव्हतं.

यार्डाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मीटरवर ५१०५१० आला होता. आता फाटकाशी थांबायचं, की झालं.

“यात एक मिळव, पक्का हट्टी आकडा,” आत्या खुशीत म्हणाली. “सातांपैकी कुणीच जाणार नाही.”

“सातांच्या पलीकडे कुणी नाहीच का? एकोणीसने जातो तो.” मी सकाळीच भागून पाहिलं होतं.

“काहीतरीच काय सांगतेस?” तिने तोंडातल्या तोंडात भागाकार सुरू केला. शेवटी, “एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर... जातो की गं,” म्हणाली आणि मीटरकडे पाहिलं. तिथे तोच बसला होता, ५११ वाला. फाटकही मागे पडलं होतं.

हा शहाणपणा मला कुणी सांगितला होता? पण आत्याने रिव्हर्स टाकला. गाडी जुनी, मीटर फिरत्या आकड्यांच्या चकत्यांचा. गाडी मागे गेली की आकडेही मागे फिरायचे. आम्ही श्वास रोखून बघत होतो. एक हळूहळू सरकला, त्याच्या जागी शून्य आलं. तिने फाटकापाशी कचकन ब्रेक दाबला.

“ताई, आत घ्या गाडी,” भंगारवाला म्हणाला.

“हलणार नाही. क्रेनने उचला.”

त्याने कारण ऐकलं, डोकं खाजवलं आणि मोबाइल काढून स्वतःच भागायला लागला. तेराने गेलं. “च्यायला, सतरानेपण जातंय,” असं म्हणत त्याने क्रेनवाल्याला हाक मारली.

गाडी वर गेली. आत्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

“चाकं फिरत नाहीत ना गं? मला बघवत नाही.”

“नाही आत्या. अजिबात नाही.”

तेव्हा कुठे तिने मान वर केली.